जपानी पुडी आणि आपले गुडघे



धुळ्यातल्या एका वस्तीत रविवारची वंदना आटोपली. बायका बाहेर निघाल्या. एरवी विहाराच्या तीन पायऱ्या भिंत धरून उतरणाऱ्या एक मावशी त्या दिवशी सरळ उतरल्या. मी विचारलं, "मावशी, गुडघा बरा झाला वाटतं?" मावशी हसल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी एक पुडी माझ्या हातावर ठेवली. "ताई, ही पाह्य बरं. जपानची जडीबुटी आहे. पाच दिवसांत मोकळी झाली मी. औंदा ३१ जुलैला लळिंगला जाईन, चढ चढून जाईन."

पाकिटावर बर्फाचा डोंगर छापलेला होता आणि बाजूला ध्यानस्थ बुद्ध. मागची बाजू कोरी. बनवणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, तारीख नाही, आत काय आहे त्याचा एक शब्द नाही. आठवडे बाजाराच्या कडेला एका गाडीवाल्याकडून घेतलेली. दहा पुड्यांचे तीनशे रुपये. म्हणजे मावशींची एका दिवसाची मजुरी.

मी काही बोलायच्या आत मावशीच म्हणाल्या, "जपान बुद्धाचा देश आहे ना ताई? तिथलं औषध खोटं कसं राहील?"

बायका माझ्याकडे बघत होत्या. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

जपानमध्ये खरंच जडीबुटी आहे

आधी खरं ते सांगते. जपानमध्ये झाडपाल्याच्या औषधांची मोठी आणि जुनी परंपरा आहे. तिला कांपो म्हणतात. कांपो म्हणजे हान लोकांची, म्हणजे चीनची पद्धत. बौद्ध धम्म ज्या वाटेनं चीन आणि कोरियातून जपानला गेला, त्याच वाटेनं हे वैद्यकही गेलं. इसवी सन ७५६ मध्ये कोम्यो नावाच्या सम्राज्ञीनं नारा इथल्या तोदाइजी या बुद्धविहाराला साठेक औषधी पदार्थ दान केले. त्यातले बरेचसे तिथल्या शोसोइन या भांडारात आजही जपून ठेवले आहेत. त्यात आपलं ज्येष्ठमधही आहे. याच सम्राज्ञीनं गरिबांना औषध देणारं घर काढलं होतं. त्यामुळे जपान, बुद्ध आणि औषध यांचं नातं मावशी म्हणतात तसं खरंच आहे.

दुखण्यावर कांपोची औषधं आहेत. पायात गोळे येतात, रात्री पोटरी आखडते, त्यावर तिथले डॉक्टर शाकुयाकु-कांझो-तो नावाचं औषध देतात. त्यात दोनच वस्तू असतात, पिओनी नावाच्या फुलझाडाचं मूळ आणि ज्येष्ठमध. गुडघ्यात पाणी होऊन सूज येते, त्यावर वेगळा काढा आहे. थंडीनं वाढणाऱ्या दुखण्यावर शुद्ध केलेला बचनाग वापरतात. बचनाग म्हणजे जहर, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागत नाही. जपानी वैद्यांनाही ते माहीत आहे, म्हणून तो वाफ देऊन, प्रक्रिया करून, मोजून वापरतात.

हानाओका सेइशू नावाच्या जपानी वैद्यानं १८०४ साली एका बाईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ कापून काढली, आणि ती बाई तेव्हा गाढ झोपेत होती. अमेरिकेत ईथरची भूल देऊन लोकांसमोर शस्त्रक्रिया झाली ती १८४६ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनंतर. हानाओकानं झोप आणली ती धोतऱ्याच्या जातीची वनस्पती आणि बचनाग यांच्या काढ्यानं. हाच धोतरा आपल्या वस्तीमागच्या उकिरड्यावर उगवतो. पण त्याची मात्रा बसवायला हानाओकाला वीसेक वर्षं लागली. त्याच्या आईनं आणि बायकोनं तो काढा स्वतःवर करून पाहू दिला, आणि त्यात बायकोची दृष्टी गेली असं सांगतात. वनस्पतीत ताकद असते ती अशी. जी वस्तू माणसाला झोपवून त्याची वेदना थांबवते, तीच मात्रा चुकली तर डोळे आणि जीवही घेते.

आता आजचं जपान बघा. तिथे कांपोचा वेगळा वैद्य नसतो. जो आधुनिक वैद्यकाची परीक्षा पास झालेला डॉक्टर असतो, तोच कांपोचं औषध लिहून देतो. १९७६ पासून ही औषधं मोठ्या प्रमाणावर सरकारी आरोग्य विम्यात आली, आणि आज १४८ ठरलेली मिश्रणं विम्यातून मिळतात. कारखान्यात काढा आटवून त्याची भुकटी करतात, प्रत्येक पाकिटात किती ग्रॅम काय आहे ते छापतात, आणि काय त्रास होऊ शकतो तेही छापतात. त्या ज्येष्ठमधाच्या औषधाच्या कागदावर सरळ लिहिलेलं असतं की हे जास्त दिवस घेतलं तर अंगावर सूज येते, रक्तदाब वाढतो, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, स्नायूंची ताकद जाते.

आणि चूक झाली तेव्हा? लिव्हरच्या आजारावर शो-साइको-तो नावाचं कांपो औषध जपानमध्ये लाखो लोक घेत होते. १९९० च्या दशकात असं दिसलं की काही रुग्णांना, विशेषतः जे इंटरफेरॉनचं इंजेक्शनही घेत होते त्यांना, फुप्फुसाचा गंभीर आजार होतो. माणसं दगावली. १९९६ मध्ये तिथल्या सरकारनं तातडीचा इशारा काढला. आपली हजार वर्षांची परंपरा आहे, आपल्या औषधाला नावं ठेवू नका, असं म्हणून ते गप्प बसले नाहीत.

म्हणून मावशींना माझं पहिलं उत्तर असं आहे. जपानची जडीबुटी खरी आहे, पण ती या पुडीत नाही. खऱ्या जपानी औषधाला नाव असतं, वजन असतं, डॉक्टरची चिठ्ठी असते, आणि चुकलं तर जबाबदार माणूस असतो. या पुडीवर फक्त चित्र आहे. आपल्या श्रद्धेचा फोटो काढून त्यांनी पाकिटावर चिकटवला आहे.

माझ्या आईची पुडी

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. मी स्वतः फसले आहे.

माझी आई जळगाव जिल्ह्यात कापूस वेचायची आणि हंगाम संपला की जिनिंगमध्ये सरकी भरायची. पन्नाशीत तिचे गुडघे गेले. मी तेव्हा नर्सिंगचा डिप्लोमा करून नोकरीला लागले होते. सुट्टीला घरी गेले की आई म्हणायची, "पाय भलता दुखतस वं माय." मी म्हणायचे, वय झालं, वजन उचलू नको. एवढं म्हणून मी माझ्या ड्युटीवर परत यायचे.

एका वर्षी घरी गेले तर आई टुणटुणीत. चेहरा भरलेला, गाल लाल. शेजारच्या बायका म्हणाल्या, लेक नोकरीला लागली, आईच्या तोंडावर तेज आलं. मलाही बरं वाटलं. महामार्गाच्या कडेला तंबू टाकून बसलेल्या एका जडीबुटीवाल्याकडून आई पुड्या आणत होती. दोन वर्षं आणत होती. मी एकदाही पुडी उघडून पाहिली नाही.

मग एक दिवस तंबू उठला. पुड्या संपल्या. चार दिवसांनी आईला उलट्या सुरू झाल्या, अंगातलं त्राण गेलं, उठून उभी राहिली की कोसळायची. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब हाताला लागत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी तिचा गोल चेहरा पाहिला, सुटलेलं पोट आणि काटक्यासारखे हात पाहिले, दंडावरचे काळेनिळे डाग पाहिले आणि मलाच विचारलं, "सिस्टर, आईला स्टेरॉइड कोण देतंय?"

मी नर्स होते. स्टेरॉइडच्या रुग्णाचा चेहरा कसा होतो हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि माझ्या आईच्या तोंडावरची सूज मला तेज वाटली होती.

आई त्या वेळी वाचली. पण साखर वाढली ती गेली नाही, आणि हाडं पोकळ झाली ती भरली नाहीत. पुढे बाथरूममध्ये साधी घसरली तर मणका दबला. शेवटची तीन वर्षं ती खाटेवर होती. गुडघ्याच्या दुखण्यासाठी घेतलेल्या औषधानं तिची पाठच मोडली.

पुडीत काय असतं

जी 'आयुर्वेदिक' किंवा 'जपानी' पुडी दोन-चार दिवसांत सांध्याचं दुखणं पळवते, तिच्यात बहुतेक वेळा झाडपाल्याच्या भुकटीत मिसळलेलं इंग्रजी औषध सापडतं. एकतर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, नाहीतर डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी, किंवा दोन्ही. झाडपाला हळूहळू काम करतो. जादूसारखा गुण आला की आनंद मानण्याआधी शंका घ्या.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. दम्याच्या अटॅकमध्ये, काही संधिवातात ते जीव वाचवतं. पण ते डॉक्टरच्या हिशेबानं, मोजून द्यायचं असतं. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज शरीराला लागेल तेवढं स्टेरॉइड स्वतः बनवतात. बाहेरून रोज पुडी मिळायला लागली की या ग्रंथी आळसावतात. मग पुडी एकदम बंद झाली की शरीराजवळ काहीच उरत नाही. माझी आई कोसळली ती यामुळे.

दरम्यान साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, जखम भरत नाही. आणि आपल्या वस्त्यांसाठी सगळ्यात मोठा धोका म्हणजे टीबी. अंगात दबून बसलेला टीबी स्टेरॉइडमुळे उठतो, आणि त्याचा ताप मात्र स्टेरॉइड झाकून ठेवतं. एका खोलीत सात माणसं झोपणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो, हे मी सांगायला नको.

वेदनाशामक गोळीचं दुखणं वेगळं. ती पोटात व्रण करते आणि मूत्रपिंडावर ताण देते. आपल्याकडे जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. बाई दिवसभर वीटभट्टीवर किंवा केळीच्या बागेत राबते, शौचाला जागा नाही म्हणून पाणी कमी पिते, आणि वर रोज ही पुडी. आटलेल्या अंगावर वेदनाशामक म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी घाव.

बाबासाहेबांचे पाय

पाय दुखण्याचं कारण नेहमी गुडघ्यात नसतं. १९४७-४८ चा काळ आठवा. संविधानाच्या मसुद्याचं काम अंगावर होतं आणि बाबासाहेबांचे पाय रात्र रात्र दुखत होते. त्यांना मधुमेह होता, आणि पायांच्या नसांचं दुखणं होतं. ते मुंबईला डॉ. मालवणकरांच्या उपचाराखाली आले. त्यांच्याच दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब. १५ एप्रिल १९४८ ला दोघांचा विवाह झाला, आणि पुढे इन्सुलिन, पथ्य, औषधाच्या वेळा माईसाहेबांनी सांभाळल्या.

मला या प्रसंगातून एक साधी गोष्ट दिसते. एवढा मोठा माणूसही दुखणं अंगावर काढून चालू शकला नाही, आणि त्यानं कारण शोधणाऱ्या डॉक्टरकडे जाणं पसंत केलं. आपल्या वस्तीत तळपायाची आग होते, मुंग्या येतात, रात्री पाय उशाला घ्यावेसे वाटतात, अशी तक्रार घेऊन किती बाया येतात! त्यांची साखर तपासली की कळतं, दुखणं गुडघ्याचं नव्हतंच. अशा बाईनं स्टेरॉइडची पुडी घेणं म्हणजे आगीत रॉकेल ओतणं.

आपल्या आजीचा झाडपाला

मग आजीनं शिकवलेलं सगळं फेकून द्यायचं का? नाही. निर्गुडीचा पाला उकळून त्याचा शेक घ्या. एरंडाचं पान गरम करून बांधा. रुईचं पानही बांधतात, पण त्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. लसूण घालून कढवलेलं तेल चोळा. शेकानं आखडलेला स्नायू मोकळा होतो, आणि कोणी मायेनं पाय चेपले तरी दुखणं अर्धं होतं. यात खर्च नाही आणि धोका कमी.

पण आजीचंही सगळं घेऊ नका. सातपुड्यातून येणारा बिबा दुखऱ्या गुडघ्याला लावून कातडी जाळलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. सळई तापवून डाग देणं तर शुद्ध अत्याचार आहे. धोतऱ्याचं बी पोटात घेऊ नका. गुळवेलीचा काढा रोज पिणाऱ्यांनीही जपून. मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. वाद होऊ द्या, वादातून सत्य कळतं. पण जपाननं १९९६ मध्ये आधी इशारा दिला, आणि आपल्याकडे आधी खुलासा निघाला, हा फरक मला टोचतो.

यावर कोणी म्हणेल, ताई, तुम्ही परंपरेच्या विरोधात. मी विनयपिटकाकडे बोट दाखवते. महावग्गात औषधांचा एक अख्खा खंड आहे. स्थविर पिलिंदवच्छांना वाताचं दुखणं झालं. तथागतांनी आधी घाम काढण्याचा एक उपाय सांगितला. गुण आला नाही. मग पाल्याचा शेक, मग मोठा शेक, मग औषधी पाण्यात बसणं, असे एकामागून एक उपाय करून पाहिले. एकच उपाय पवित्र म्हणून कोणी धरून बसलं नाही. त्याच पिलिंदवच्छांसाठी वैद्यांनी तेल कढवायला सांगितलं, त्यात थोडं मद्य घालावं लागे. काही भिक्खूंनी त्यात भरपूर मद्य घातलं आणि ते प्यायल्यावर त्यांना नशा चढली. तेव्हा तथागतांनी नियम केला की मद्याचा रंग, वास, चव लागणार नाही इतकंच घाला, आणि जास्त झालेलं तेल पिऊ नका, अंगाला लावा.

अडीच हजार वर्षांपूर्वी औषधात काय मिसळलं आणि किती मिसळलं, हे विचारलं गेलं होतं. आपल्या धम्मात 'ये आणि पाहा' म्हणतात. पुडीवर बुद्धाचा फोटो आहे म्हणून ती न तपासता तोंडात टाकणं हे धम्माला धरून नाही.

पुडीवाला जिंकतो, कारण तो ऐकतो

इथे मला माझ्याच लोकांविषयी, म्हणजे पांढऱ्या कपड्यातल्या लोकांविषयी बोललं पाहिजे. पुडीवाला मावशीला स्टुलावर बसवतो. गुडघ्याला हात लावतो. कधीपासून दुखतं विचारतो. दहा मिनिटं देतो. आमच्या ओपीडीत मावशी तीन तास रांगेत उभी राहते, मजुरी बुडवते आणि आत गेल्यावर तिला काय मिळतं? "वय झालं, दुखणारच," आणि पाच दिवसांच्या गोळ्या. हे वाक्य मीही शेकडो वेळा म्हटलं आहे. माझ्या आईलाही म्हटलं.

त्यात आपली जुनी जखम आहे. आपल्या आजोबा-पणजोबांची नाडी बघायला वैद्य हात लावत नव्हता. जो कोणी हात लावेल, नावानं हाक मारेल, त्याच्यावर आपला जीव जडतो. पुडीवाल्याला हे माहीत असतं. म्हणून मी बायांना अडाणी म्हणणाऱ्यांवर चिडते. बाई अडाणी नाही. तिला उद्या कामावर जायचं आहे. केळीचा घड उतरवायचा आहे, डाळ मिलमध्ये पोती उचलायची आहेत, चटईच्या कारखान्यात बारा तास उभं राहायचं आहे. दुखणं थांबलं नाही तर चूल थांबते. पुडी तिला तेवढा उद्याचा दिवस विकते.

म्हणून फक्त पुडीवाल्याला पकडून हा प्रश्न सुटणार नाही. वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी व्यायामोपचार शिकवणारा माणूस पाहिजे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत केले आहेत. मोफत झालं, आता ऐकून घेणारंही झालं पाहिजे. हे मागणं भीक नाही. आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य आहे असं संविधानाच्या ४७ व्या कलमात लिहिलेलं आहे.

आता काय करायचं

जो पुडी घेतोय त्यानं ती आजच एकदम बंद करू नये. हे नीट लक्षात ठेवा. काही आठवड्यांपेक्षा जास्त दिवस घेत असाल तर रिकामं पाकीट आणि उरलेल्या पुड्या घेऊन सरकारी दवाखान्यात जा, डॉक्टरला लपवू नका. स्टेरॉइड असेल तर ते हळूहळू उतरवावं लागतं. पुडी बंद केल्यावर उलट्या, चक्कर, खूप अशक्तपणा आला तर १०८ ला फोन करा.

कुठलंही औषध घेण्याआधी पाच प्रश्न विचारा. आत काय आहे? कोणी बनवलं, परवाना क्रमांक काय? बॅच आणि तारीख आहे का? देणारा नोंदणीकृत डॉक्टर किंवा वैद्य आहे का? आणि त्रास झाला तर उद्या तो कुठे भेटेल? आयुर्वेदिक औषधाच्या पाकिटावरही परवाना, बॅच क्रमांक आणि घटक छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. नोंदणीकृत वैद्य तुम्हाला चिठ्ठी लिहून देतो, त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

मधुमेह, कर्करोग, संधिवात यांसारखे आजार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या जादूचे उपाय आणि आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. त्यांची कार्यालयं जळगावातही आहेत आणि धुळ्यातही. एकटी बाई जाईल तर तिला बाहेर बसवतील. महिला मंडळाचं पत्र, वीस सह्या आणि पुडीचा नमुना घेऊन जा. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

गुडघ्यासाठी घरचा व्यायाम: खाटेवर किंवा खुर्चीवर बसा. एक पाय सरळ समोर उचला, मांडीचा स्नायू ताठ करा, दहा आकडे मोजा, खाली ठेवा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. गुण यायला दीड-दोन महिने लागतात. उकिडवं बसणं टाळा, भांडी-कपडे पाटावर किंवा छोट्या स्टुलावर बसून करा. काठी घेतली तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. काठीची लाज वाटू देऊ नका.

आणि काही दुखणी घरी थांबवायची नसतात. सांधा लाल, गरम होऊन ताप आला, एकच पोटरी सुजली, पाठ दुखून लघवी अडली किंवा पाय लुळे पडले, संध्याकाळचा ताप येऊन वजन घटलं, शौच डांबरासारखी काळी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना.

मावशींचं काय झालं, ते सांगते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. रिकाम्या पोटीची साखर २१० निघाली. पुडी सोळा दिवसच घेतली होती, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती बंद करता आली. गुडघा पुन्हा दुखायला लागला. मावशी माझ्यावर आठ दिवस रुसल्या. "तू माझं लळिंग बुडवलं," म्हणाल्या. मग एका संध्याकाळी विहारात आल्या, बाकावर बसल्या आणि सगळ्यांसमोर पाय सरळ करून दहा आकडे मोजले. त्यांच्या मागे आणखी सहा बायांनी मोजले. आता वंदनेनंतर दर रविवारी आमचा हा व्यायाम होतो.

लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेब ३१ जुलै १९३७ ला आले होते. दर वर्षी आपण तिथे जमतो. या वर्षी तिथे आमच्या मंडळाचं एक टेबल असेल, साखर आणि रक्तदाब मोजायला. ज्यांच्या पदराला पुडी बांधलेली असेल त्यांनी ती घेऊन यावी. मावशी कदाचित पूर्ण चढ चढणार नाहीत, खालीच टेबलाशी बसतील. पुडी कशी ओळखायची ते त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतात.

जय भीम! नमो बुद्धाय!